सॉलोमन शेक्टर : श्रद्धा आणि पाठचिकित्सा

धर्मग्रंथांची चिकित्सा आरंभिली कीं श्रद्धा ढळते, आणि श्रद्धा राखावयाची तर चिकित्सेला रजा द्यावी लागते, असा समज सुशिक्षितांतही पुष्कळ आढळतो. हा समज कितपत खरा आहे हें पाहण्यास सॉलोमन शेक्टर या ज्यू पंडिताचें चरित्र फार उपयोगी आहे. रुमानियांतील फोक्शानी या गांवीं जन्मलेला शेक्टर लहानपणापासून तालमुदाच्या अध्ययनांत वाढला. पुढें व्हिएन्ना व बर्लिन येथें त्यानें आधुनिक संशोधनपद्धति आत्मसात केली, आणि १८८२ सालीं तो इंग्लंडांत आला. ‘आवोत द-रब्बी नाथान’ या प्राचीन ग्रंथाची त्याची आवृत्ति १८८७ सालीं निघाली. तींत त्यानें दोन भिन्न पाठपरंपरा समोरासमोर छापल्या. दोहोंची मिसळ करून एक गुळगुळीत पाठ सिद्ध करण्याचा मोह त्यानें टाळला, यांतच त्याची योग्यता दिसून येते.

१८९६ च्या मे महिन्यांत ॲग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या विदुषी भगिनींनीं पूर्वेकडून आणलेलीं कांहीं जीर्ण पानें केंब्रिज येथें त्याच्यापुढें ठेविलीं. त्यांतील एक पान बेन सिराच्या नीतिग्रंथाचें होतें. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील हा ग्रंथ मुख्यतः ग्रीक व सिरियाक भाषांतरांवरूनच ठाऊक होता; मूळ हिब्रू शतकानुशतकें लुप्त झालें होतें. तालमुदांत उद्धृत झालेलीं बेन सिराचीं वचनें ज्याच्या जिव्हाग्रीं होतीं, त्याला तें पान ओळखूं यावें हें स्वाभाविकच होय. येथें चिकित्सकाच्या कामीं आली ती बाळपणींची भक्तियुक्त घोकंपट्टी!

त्याच वर्षाच्या अखेरीस, चार्लस टेलर यांच्या द्रव्यसाहाय्यानें, तो कैरोस गेला. जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरांत ‘गेनिझा’ नांवाची एक कोंदट खोली होती. ईश्वराचें नांव ज्यावर असेल तो कागद नष्ट करूं नये, या भावनेनें जीर्ण पोथ्या तेथें टाकीत. आपल्याकडे फाटकी पोथी नदींत सोडतात, त्यांतलाच हा प्रकार. धुळीनें गुदमरत शेक्टरनें तेथील हस्तलिखितें निवडलीं. त्यानें आणलेल्या संग्रहांत आज सुमारें १,९०,००० तुकडे मोजले जातात.

या सामग्रीविषयींचे त्याचे दोन निर्णय काळाच्या कसोटीस उतरले. हें हिब्रू म्हणजे मूळ नसून मागाहून केलेलें उलट भाषांतर आहे, असा आक्षेप ऑक्सफर्डच्या मार्गोलियथ यांनीं घेतला होता. पण १९६४ सालीं मसादाच्या किल्ल्यांत सांपडलेल्या प्राचीन गुंडाळीनें शेक्टरचाच पक्ष मुख्यतः खरा ठरविला. १९१० सालीं त्यानें एका अज्ञात ज्यू पंथाचा ग्रंथ छापला. पुढें कुमरान येथील गुहांत त्याच ग्रंथाचे सुमारें हजार वर्षें अधिक जुने तुकडे मिळाले. हें पाहण्यास शेक्टर उरला नव्हता. १९१५ सालीं न्यूयॉर्क येथें तो निवर्तला होता.

तथापि त्याच्या लेखनांतील एक उणीव सांगणें भाग आहे. १९०९ सालच्या रब्बींच्या धर्मविचारावरील ग्रंथांत, ज्यू धर्मशास्त्र म्हणजे केवळ नियमांचें ओझें, या ख्रिस्ती पंडितांच्या मताचें त्यानें आवेशानें खंडन केलें आहे. नियमपालनांतील आनंदाविषयीं त्यानें लिहिलेलें प्रकरण आजही वाचनीय आहे. परंतु तेथें निरनिराळ्या शतकांतील वचनें एकाच ओळींत बसविलीं आहेत. कोणतें आधींचें, कोणतें नंतरचें, याचा विवेक क्वचितच आढळतो. दोन पाठ वेगळे ठेवणारा संपादक येथें वकील झाला आहे. प्रतिपक्षाचा अन्याय धडधडीत असला, तरी त्याच्या उत्तरासाठीं कालभेद पुसून टाकणें हा त्यावरचा उपाय नव्हे.

या दोन ग्रंथांच्या तुलनेंत आपणांस घेण्यासारखें पुष्कळ आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, तरी एखादा आवडता श्लोक तळटीपेंत गेलेला पाहून अजूनही कित्येकांचें मन दुखावतें. त्यांनीं शेक्टर अवश्य वाचावा. आपल्या परंपरेवर त्याचें प्रेम कोणाहून कमी नव्हतें. पण तें जेथें पाठभेदांचा आदर करून राहिलें, तेथेंच त्याचें कार्य चिरस्थायी झालें.