प्रतिष्ठा झाली, नित्यपूजेचे काय?

देवालयात मूर्तीची प्रतिष्ठा होते त्या दिवशी मांडव अपुरा पडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे गाभाऱ्यात पुजारी एकटाच असतो, आणि देवस्थान टिकते ते त्या एकट्याच्या नेमामुळे. आपल्या वाडवडिलांना हे पुरते ठाऊक होते. म्हणून प्रतिष्ठेपूर्वीच ते तेलवातीची, नैवेद्याची आणि पूजेच्या पाळीची तरतूद करून ठेवीत. जुने ग्रंथ व कागदपत्रे संगणकावर जतन करण्याची जी लाट सध्या आली आहे, तीत ही तरतूद आम्हांस क्वचितच दिसते. स्कॅनिंगचा समारंभ थाटाने होतो. पुढच्या नेमाचे नाव कोणी काढीत नाही.

हैदराबादच्या वाचकांना याचे उदाहरण घरचेच आहे. प्राध्यापक राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लक्ष ग्रंथांची जी योजना निघाली, तिचे एक प्रमुख केंद्र येथील आयआयआयटी संस्थेत होते. भारतीय डिजिटल ग्रंथालय २००३ साली खुले झाले, आणि २००७ पर्यंत देशोदेशीच्या केंद्रांनी मिळून पंधरा लक्ष ग्रंथांच्या छायाप्रती केल्या. हे कार्य लहान नव्हे. ज्या मराठी पुस्तकांसाठी पुण्यामुंबईची वारी करावी लागे, ती घरबसल्या वाचण्याचे सुख आम्हीही भोगले आहे.

तथापि गुणगौरवाने टीकाकाराचे कर्तव्य संपत नाही. या संग्रहातील कित्येक ग्रंथांची पाने गहाळ आहेत, कित्येक उलटसुलट आहेत. मराठी नावे रोमन लिपीत, तीही मनास येईल तशी लिहिलेली असल्यामुळे हवा तो ग्रंथ सापडणे दैवाधीन. छायाप्रती निव्वळ काळ्यापांढऱ्या. फिकट छपाईतील अनुस्वार तीत उडाला की 'पंत' जाऊन 'पत' उरते. अनेक लिप्यांत लिहिल्या जाणाऱ्या कोंकणीची अशा सूचीत काय गत होत असेल, हे सांगणे नको. पुढे २०१७ च्या सुमारास लेखनहक्कभंगाचे कारण देऊन ते संकेतस्थळच बंद झाले. ग्रंथ आज वाचावयास मिळतात, ते कोणी दूरदृष्टीने त्यांच्या प्रती अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हमध्ये नेऊन ठेवल्या म्हणून.

आमच्या मते दोष यंत्राचा नव्हे, हेतूचा होता. किती पाने उलटली याचा हिशेब ठेवला गेला. परंतु ग्रंथ ज्याच्या कपाटातून गेला त्या ग्रंथपालास पुढील सांभाळाची विद्या देणे, हे त्या योजनेचे उद्दिष्टच नव्हते.

ही विद्या येथील मराठी समाजास विशेष अगत्याची आहे. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी निघाली, १९२० मध्ये 'निजाम विजय' सुरू झाला, मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. तेव्हा हैदराबाद हे मराठवाड्याचेही राजधानीचे शहर होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा निराळ्या राज्यात गेला आणि येथील मराठी मंडळी मागे राहिली. त्यांची कागदपत्रे महाराष्ट्रास दूरची, तेलंगणास परभाषेची. कोणत्याही सरकारी दप्तरखान्याचे ती पहिले कर्तव्य नाहीत. देवस्थानांची इतिवृत्ते, उत्सवांच्या पत्रिका, वर्गणीच्या वह्या ज्या संस्थांपाशी आहेत, त्यांनीच त्या राखिल्या तर राहतील.

कागद निदान पेटीत तरी पडून राहतो. संकेतस्थळास तेवढाही धीर नसतो. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाचे संकेतस्थळ एका उत्साही तरुणाने स्वतःच्या नावावर नोंदविले होते. तो परदेशी गेला, वार्षिक शुल्क भरावयाचे राहिले, आणि अनेक वर्षांच्या उत्सवांची छायाचित्रे व कीर्तनांची ध्वनिमुद्रणे एके दिवशी नाहीशी झाली. इंटरनेट आर्काइव्हमध्ये शोध घेता दोन पाने मिळाली. चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी होत्या. सल्ला देण्यास आम्ही वकील म्हणून गेलो. परंतु जे उरलेच नाही त्याचा दावा कशावर चालवावा? १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास पोचते. संकेतस्थळाची प्रत कोणास पोचविण्याची सक्ती त्यात नाही.

इंटरनेट आर्काइव्हने २०१७ पासून स्थानिक ग्रंथालयांना आपल्या गावची संकेतस्थळे टिपून ठेवण्याचे शिक्षण देण्याचा उपक्रम चालविला आहे. असे वर्ग येथेही भरावेत. त्यांत यंत्राची ओळख थोडी आणि शिस्त अधिक शिकवावी. संकेतस्थळाची नोंद संस्थेच्या नावे असावी. प्रत्येक छायाप्रतीस देवनागरीत नाव, साल व मूळ कागदाचा ठिकाणा असावा. प्रती तीन असाव्यात, आणि एक तरी शहराबाहेर असावी. १९०८ च्या मुसीच्या पुराची आठवण ज्या शहरास आहे, त्याला याचे कारण सांगावयास नको. प्रत्येक धारिकेची 'हॅश' ही अंकमुद्रा नोंदवावी व वर्षातून एकदा ताडून पाहावी. एक अक्षर बदलले तरी ही मुद्रा बदलते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्रातही तिची नोंद मागितली आहे. मंदिराच्या जमिनीचा वाद न्यायालयात गेला म्हणजे या नोंदीचे मोल कळते.

कायद्याची भीती पुष्कळांना वाटते. तीही शिक्षणानेच जाईल. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क चालतो हे खरे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने, बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास स्वतःपाशी असलेल्या पुस्तकाची संगणकीय प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली आहे. ठेवणे निराळे आणि जगापुढे मांडणे निराळे. हा विवेक नसला म्हणजे काय होते, ते वर सांगितलेल्या बंद ग्रंथालयाने दाखविलेच आहे. वर्गणीच्या वह्यांतील कुटुंबांची नावेनिशाणी राखावी अवश्य, उधळू नये.

लहान संस्थांना हे झेपेल काय, असे कोणी विचारील. पैशाचा भार मोठा नाही. भार नेमाचा आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पूजेच्या पाळ्या चुकविल्या नाहीत, त्याला वर्षातून एक दिवस प्रती ताडून पाहण्याची पाळी जड जाऊ नये. येत्या उत्सवाच्या अंदाजपत्रकात रोषणाईच्या रकमेखाली ही एक बाब विश्वस्तांनी घालावी आणि पाळी कोणाची, ते नावानिशी लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.