बारा ओळींची माती

सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. मग नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. शेवटी जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. २०१५ पासून शेतकऱ्यांच्या हाती आलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत मातीची परीक्षा होते ती या बारा ओळींत. लातूरचे सोयाबीनचे रान असो की अर्धापूरची केळी, ओळी त्याच. मी दर वेळी थांबतो तो जस्ताच्या ओळीपाशी.

जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेले की ‘कमतरता’ असा शेरा पडतो. आपल्या काळ्या जमिनीत तो वारंवार भेटतो. जमिनीत जस्त नसते असे नाही. सामू आठच्या आसपास, चुनखडी भरपूर, म्हणून ते मुळांच्या हाती लागत नाही. आता हीच ओळ उलट्या बाजूने वाचा. जी चुनखडी जस्त अडवून धरते, ती शिसे आणि कॅडमियमही बरेचसे अडवते. पिकाची उपासमार आणि पिकाची राखण, दोन्ही मातीच्या एकाच स्वभावातून येतात. (आर्सेनिक मात्र या पहाऱ्याला जुमानत नाही, सामू चढला की ते अधिकच सुटे होते.) जस्त, लोह, तांबे, मंगल हे चौघेही जड धातूच, पण पत्रिका त्यांच्याकडे अन्न म्हणून पाहते. ज्यांची खरी भीती, ते शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम तिच्यात नाहीत.

नुसत्या चार ओळी वाढवून हे भागणार नाही. नमुना काढण्याच्या सूचना वाचा. बांध, विहीर, झाडाची सावली, खताचा ढीग, पाण्याचा पाट टाळायचा. नागमोडी फिरत जागोजागची माती घ्यायची, घमेल्यात एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. खताची मात्रा ठरवायला अशी सरासरीच हवी, आणि त्या कामासाठी ही रीत अतिशय सुंदर आहे. पण धातू शेतभर सारखा पसरत नाही. नाल्याचे पाणी मळ्यात शिरते, तिथे पाटाच्या तोंडाशी तो आधी बसतो. म्हणजे जिथे शोधायचे, नेमकी तीच माती या सूचना वगळतात. प्रदूषणाचा नकाशा करणाऱ्याने त्या उलट्या वाचायला हव्यात.

नकाशा हाती आल्यावरही निवाड्याची घाई नको. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे बेसॉल्ट सरतो आणि ग्रॅनाइट वर येतो. निकेल, क्रोमियम, तांबे बेसॉल्टमध्ये मुळातच जास्त. लातूरकडे क्रोमियमचा रंग गडद आणि देगलूरकडे फिका दिसला, तर तो डाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाही असू शकतो.

जस्त मोजण्याची डीटीपीए पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीच्या त्याच द्रावणात शिसे आणि कॅडमियमही मोजता येते. मोजणीच्या अणुशोषण यंत्रातला दिवा तेवढा बदलावा लागतो. यंदा नमुना काढाल तेव्हा पाटाच्या तोंडाची माती वेगळ्या पिशवीत भरा, तिच्यावर जागा लिहा आणि हे दोन धातू तपासून मागा.