उसन्या सुरांची वहिवाट

संगीताच्या व्यवहारात अस्सलपणाचा इतका बडेजाव माजलेला आहे की, जे संगीत जन्मतःच नकली होते, आणि आपले नकलीपण ज्याने कधी लपविलेही नाही, त्याची दखल घेण्याची तजवीजच समीक्षेच्या दप्तरात नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ‘एक्झॉटिका’ या नावाने खपलेले वाद्यसंगीत हे असेच. लेस बॅक्स्टर त्याचा आद्य रचनाकार. परंतु त्याचा थाट ठरविला तो होनोलुलूच्या एका हॉटेलात पियानो वाजविणाऱ्या मार्टिन डेनीने. तेथील मद्यगृहालगतच्या कुंडातले बेडूक वादनाबरोबर ओरडू लागत आणि वादन थांबताच गप्प होत, असे डेनी सांगत असे. मग वादकांनीच गमतीने पक्ष्यांचे आवाज काढावयास प्रारंभ केला, आणि १९५७ च्या ‘एक्झॉटिका’ या तबकडीत व्हायब्राफोनच्या शेजारी हे घरगुती अरण्य कायमचे वसले. भर पावसाळ्यात, वसईच्या वाडीत केळीच्या पानांवर सर कोसळत असता आणि बावखलातले, म्हणजे वाडीतल्या तळ्यातले, बेडूक अखंड चालू असता, मी ही तबकडी ऐकली. आमचे बेडूक फारच बेताल वाटले.

अडगळीत गेलेल्या अशा तबकड्या १९९० च्या दशकात ‘टिप्सी’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या जोडीने, म्हणजे टिम डिगुला आणि डेव्हिड गार्डनर यांनी, पुन्हा उचलल्या. त्यांच्या १९९६ च्या ‘ट्रिप टीझ’ला नुसते सॅम्पलिंग (जुन्या मुद्रणांतले तुकडे उचलणे) म्हणणे म्हणजे गोधडीला चिंध्या म्हणण्यासारखे आहे, कारण एकीतून लकेर, दुसरीतून ठेका, तिसरीतून निव्वळ एक उसासा घ्यावा आणि सांधा मात्र कोठेच दिसू देऊ नये, ही त्यांची रीत. या कलेतले सारे कसब कोठे कापावे आणि किती थोडे घ्यावे यात आहे. त्याच्या तुलनेत डॅन द ऑटोमेटर या निर्मात्याची १९९८ ची ‘बॉम्बे द हार्ड वे’, जिच्यात कल्याणजी-आनंदजींच्या पार्श्वसंगीताला नवे ठेके जोडले आहेत, ऐकावयास कितीही झोकदार असली, तरी तिच्यातला जीव मूळ रचनाकारांचाच आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे हा कच्चा माल काही कमी नव्हता. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनच्या तबकड्या घराघरांतून वाजत. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी रईस खाँ यांची सतार मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनशेजारी बसवून ‘रागा-जॅझ स्टाइल’ काढली. चरणजित सिंग यांनी तर १९८२ मध्ये, रोलँड कंपनीची इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे घेऊन, १० राग डिस्कोच्या ठेक्यावर चढविले; तेव्हा कोणी विचारले नाही, आणि २०१० मध्ये ती तबकडी परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा आपल्याला तिचे कौतुक सुचले. मालकीचा प्रश्न मात्र आपण फार लवकर ओळखतो. ‘ज्योती’ (१९८१) चित्रपटातले गाणे २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या गीतात विनापरवाना वापरले गेले, आणि त्या गाण्याचे संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव छापल्याखेरीज अल्बम विकू नये, असा हुकूम लॉस एंजेलिसच्या न्यायालयातून सुटला. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, चालीचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. म्हणजे जमीन सुटली तरी झाडे दुसऱ्याचीच. वसईकराला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही!

आज गाण्यातला आवाज आणि वाद्ये यंत्र क्षणार्धात विलग करून देते, आणि त्यामुळेच की काय, कापण्याची कलाच मंदावली आहे. जुने गाणे संथ करावे, त्यावर घुमारा चढवावा आणि ‘लोफाय’ म्हणून सोडून द्यावे, एवढ्यात पुष्कळांची साधना आटोपते. पूर्वी एका तुकड्यासाठी पन्नास तबकड्या ऐकाव्या लागत, आणि त्या ऐकण्यातच कान तयार होई.

आमच्या वाडीतल्या एका मुलाने मात्र, गेल्या लग्नात ब्रास बँडच्या ट्रम्पेटची अवघ्या चार मात्रांची एक जागा मोबाइलवर टिपून घेतली, आणि महिनाभर तो तीच घोळवीत आहे. मागे बावखलातले बेडूकही आले आहेत. ते ठेवावेत की काढावेत, हे त्याचे अजून ठरत नाही.