शीर्षकपट्टीतील देवनागरी : विंडो मॅनेजरच्या लोकनिर्मित थीमचे एक वाचन

संगणकाच्या पडद्यावर उघडलेल्या प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर एक अरुंद पट्टी असते. तीत उघडलेल्या फाइलचे नाव आणि खिडकी मिटण्याची, झाकण्याची बटणे असतात. लिनक्सवरील परंपरागत रचनेत ही चौकट काढण्याचे काम विंडो मॅनेजर नावाचा स्वतंत्र प्रोग्राम करतो, आणि चौकटीचे रूप ठरविणाऱ्या फाइलींच्या संचाला थीम म्हणतात. या थीम बहुतांशी हौशी मंडळींनी तयार केलेल्या व विनामूल्य वाटलेल्या असतात. सजावटीचा हौशी प्रकार म्हणून त्यांकडे पाहण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या पट्टीवर मजकूर लिहिला जातो तिची समीक्षा लिपीला वगळून करता येत नाही. मराठी वाचकाच्या दृष्टीने तर तोच मुख्य प्रश्न ठरतो.

या निर्मितीचे स्वरूप काहीसे पोथ्यांच्या परंपरेसारखे आहे. ब्लॅकबॉक्स या विंडो मॅनेजरवरून २००१ मध्ये फ्लक्सबॉक्स निघाला. केडीईच्या सजावटीचे साहित्य देण्याघेण्यासाठी केडीई-लुक हे ठिकाणही त्याच वर्षी सुरू झाले. फ्लक्सबॉक्सची थीम ही मुख्यतः साध्या मजकुराची फाइल होय. पट्टीचा रंग, कडेची जाडी, अक्षरांचा फॉण्ट अशा ओळी तीत एकाखाली एक लिहिलेल्या असतात. एकाने केलेली थीम दुसरा उतरवून घेतो, दोनचार रंग पालटतो, नवे नाव देतो. अशा रीतीने पाठभेद वाढत जातात. मूळ पाठातील एखादा आकडा मात्र पुढच्या नकलांत न तपासताच उतरतो. पट्टीची उंची आणि फॉण्ट यांच्या बाबतीत नेमके हेच घडलेले दिसते.

याची परीक्षा करण्यास उपनगरी रेल्वेच्या प्रवाशाला रोज भेटणारे दोन शब्दप्रयोग पुरेसे आहेत : ‘बोरीवली पूर्व’ आणि ‘बोरीवली पश्चिम’. या नावांच्या दोन फाइली उघडल्या असता शीर्षकपट्टीत काय दिसावे? फ्लक्सबॉक्सच्या थीममध्ये केवळ लॅटिन अक्षरांचा फॉण्ट नेमलेला असेल, तर नावाच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. देवनागरी फॉण्ट नेमला तरी अडचण संपत नाही. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. ‘पश्चिम’ मधील पहिली वेलांटी ‘च’ नंतर येते आणि तिला जोडाक्षराच्या आधी नेऊन बसविणे हे मजकूर रेखाटणाऱ्या प्रोग्रामचे काम असते. फ्लक्सबॉक्स मजकूर थेट एक्सएफटी या संचाकडून रेखाटून घेतो, आणि त्या संचाला ही मांडणी येत नाही. परिणामी ‘श’चा पाय मोडलेला राहतो, वेलांटी ‘म’च्या पुढ्यात येते आणि वाचणाऱ्याला ‘पश्‌चमि’ असे काहीतरी दिसते. (प्रारंभीच्या ब्राह्मीत ही वेलांटी अक्षराच्या माथ्यावरच असे, बोरीवलीच्याच परिसरातील कान्हेरी लेण्यांचे दानलेख कोरणाऱ्यांना हा पेच पडला नसावा.)

एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या विंडो मॅनेजरमधील दोष अधिक सूक्ष्म आहे. तेथे मजकूर पँगो या संचामार्फत रेखाटला जातो, त्यामुळे वेलांटी व जोडाक्षर बिनचूक उमटतात. परंतु त्याच्या थीम चित्रांच्या तुकड्यांनी बनलेल्या असतात आणि पट्टीची उंची त्या चित्राच्या उंचीने कायमची ठरते. थीमकाराने चित्र अंगासरशी कापले असेल आणि अक्षर थोडे मोठे असेल, तर वरचा रफार किंवा खालचा उकार चौकटीबाहेर जातो. ‘पूर्व’ चा उकार कापला गेला की उरते ते ‘पर्व’. वेड्यावाकड्या अक्षरांपेक्षा ही चूक अधिक घातक म्हणावी लागेल, कारण ती चूक म्हणून ओळखूही येत नाही.

याउलट नोमच्या दुसऱ्या मालिकेत वापरला गेलेला मेटासिटी मजकुराची उंची मोजून, तीत वरखालची मोकळी जागा मिळवून पट्टीची उंची ठरवीत असे. त्याच्या कर्त्याने आपल्या कृतीचे वर्णन ‘कंटाळवाणी’ असेच केले होते, आणि थीमच्या रसिकांनाही ती फारशी रुचली नाही. तथापि देवनागरी अक्षर अखंड ठेवण्याचा गुण याच कंटाळवाण्या रचनेत होता.

दोष केवळ तंत्राचा नाही. तो अभिरुचीचाही आहे. थीमची पारख तिच्या पडद्याच्या छायाचित्रावरून होते, आणि त्या छायाचित्रांतील शीर्षके बहुधा लॅटिन असतात. पट्टी जितकी बारीक तितकी थीम सुबक, अशी एक रूढी त्यातून तयार झाली. लॅटिन अक्षरांनाही वर चढणारे व खाली उतरणारे भाग आहेतच. पण वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार अशी चढण त्या लिपीत सहसा नसते. शिसाच्या खिळ्यांच्या काळात मुंबईच्या छापखान्यांत देवनागरीची एकच ओळ वर, मध्ये व खाली अशा तीन थरांत जुळविली जाई. ओळीला तीन मजले लागतात हे त्या जुळाऱ्यांना हाताने ठाऊक होते. पडद्यावरील थीमकाराला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्याला ते सांगणारेही कमी पडले.

मराठी बाजूने काम झाले नाही असे नव्हे. र. कृ. जोशी यांनी घडविलेला मंगल हा फॉण्ट विंडोजसोबत घरोघर पोहोचला. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित मालिका मुक्त परवान्याखाली दिली. पुढे मुंबईच्या एक टाइपने मुक्ता सिद्ध केला. नोम आणि केडीई यांच्या मराठी भाषांतरासाठी स्वयंसेवक झटले. मात्र हे बळ शब्द आणि अक्षर यांवर खर्च झाले. ज्या चौकटीत ते अक्षर बसावयाचे तिची मोजमापे परक्या लिपीच्या अंगाने बेतलेली राहिली, आणि चौकट हा विषय भाषेच्या कार्यकर्त्यांना आपला वाटला नाही.

दरम्यान थीमचे क्षेत्रच आकसले आहे. २०१९ मध्ये नोमसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एका गटाने खुले पत्र काढून, वितरकांनी आपल्या प्रोग्रामांवर परस्पर थीम चढवू नये, अशी मागणी केली. थीममुळे बटणे दिसेनाशी होतात, मजकूर वाचता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती अवाजवी म्हणता येणार नाही. वर पाहिलेला ‘पर्व’ हा तिचाच पुरावा आहे. २०२१ च्या अखेरीस आलेल्या लिबअद्वैता या संचाने नोममधील ही वाट बरीचशी अरुंद केली. तेथील शीर्षकपट्टी ऐसपैस आहे, देवनागरी तीत सुखाने मावते. पण ही ऐसपैसता वापरणाऱ्याने ठरविलेली नाही, आणि ती उद्या कोणी कमी केली तर त्याला आपल्या हाताने ती सहज वाढविता येणार नाही.

जुन्या परंपरेचा धागा अन्यत्र टिकून आहे. लॅबडब्ल्यूसी हा नव्या पिढीतील विंडो मॅनेजर ओपनबॉक्सच्या जुन्या थीम वाचतो आणि मजकूर पँगोकडूनच रेखाटून घेतो; रास्पबेरी पाय ओएसने २०२४ मध्ये त्याचा स्वीकार केला. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या पाठांना पुन्हा वाचक मिळू शकतात. त्यांची निवड करणाऱ्याने रंगांच्या ओळींपूर्वी फॉण्टची आणि मोकळ्या जागेची ओळ वाचावी, आणि नमुन्याच्या खिडकीला ‘पूर्व’ हे नाव देऊन पाहावे.