हात पसरून उभा असलेला माणूस

मंडळी, मघाचाच फोटो पुन्हा लावू या. १९ नोव्हेंबर १९७६, प्रागचा वेन्सेस्लास चौक. फुटपाथवर एक तरुण दोन्ही हात आडवे पसरून उभा आहे आणि लोक त्याच्या बाजूने निघून जातायत. यिरी कोवांदाची कृती एवढीच.

आता चौक कुठला, ते बघा. १९६८च्या ऑगस्टात इथे सोव्हिएत रणगाडे आले. जानेवारी १९६९मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने इथेच स्वतःला पेटवून घेतलं. पुढे सरकारी देखरेखीचा जो काळ आला त्याला अधिकृत नाव होतं 'सामान्यीकरण'. त्यामुळे पसरलेले हात दिसले की आपल्याला लगेच क्रूस दिसतो, निषेध ऐकू येतो. आम्हीही बरीच वर्षं असंच सांगत आलो. ते आज मागे घेतो.

कोवांदाने स्वतः हा राजकीय अर्थ नाकारलाय. पण त्याच्या शब्दावर विसंबायला नको, कामंच पाहू. त्याच महिन्यात त्याने 'नाटक' नावाची कृती केली. हालचालींची संहिता आधी लिहिली, ती चौकात तंतोतंत केली, आणि हालचाली अशा निवडल्या की येणाऱ्या-जाणाऱ्याला शंकाही येऊ नये. आपल्याकडे संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, वाक्यं कापून परत येते. इथे कापणार काय? नुसतं उभं राहणं?

१९७७मध्ये तो सरकत्या जिन्यावर मागे वळला आणि मागच्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहिला. अनोळखी माणसाची नजर म्हणजे खबऱ्याची नजर, असं वाटावं त्या शहरात हे एका लाजाळू माणसाने केलं. तो सरकारशी बोलतच नव्हता हो. तो मागच्या पायरीवरच्या माणसाशी बोलत होता. प्रत्येक हावभावात लपलेला निषेध हुडकायचा ही सवय मुळात सेन्सॉरची. समीक्षकाने ती का उचलावी?

आणि 'बंधनांमुळे कला बहरते' हे वाक्यही कृपा करून नको. या कृती मूठभर मित्रांनी पाहिल्या. उरलं काय, तर एक साधा कागद: टाइप केलेली तारीख, ठिकाण, दोन ओळी, खाली चिकटवलेला फोटो.

तो कागद आता बघू. जरा दिवे मंद करा.