संग्राहकाचं पुस्तक पुरावा म्हणून कसं वाचायचं?

विषय ठरला, की आपण आधी ‘त्या विषयावरचं सगळ्यात मोठं पुस्तक’ शोधतो. ते मिळालं की हायसं वाटतं आणि निम्मा प्रबंध त्याच्याच आधारावर उभा राहतो. आज असंच एक पुस्तक घेऊन बघू: गेडी ली यांचं २०१८ साली आलेलं ‘बिग ब्यूटिफुल बुक ऑफ बेस’. ली हे कॅनडाच्या ‘रश’ या बँडचे गायक आणि बेसवादक. गेल्या दशकात त्यांनी जुन्या बेस गिटार गोळा करायला सुरुवात केली आणि त्यातल्या अडीचशेहून अधिक वाद्यांची छायाचित्रं, माहिती आणि इतर वादकांच्या व संग्राहकांच्या मुलाखती या पुस्तकात दिल्या.

पुस्तक देखणं आहे आणि मेहनतीनं केलेलं आहे, यात वाद नाही. कोणत्या वर्षी कोणती खुंटी, कोणता पिकअप, कोणता रंग, हे ज्याला बघायचंय त्याला इतका तपशील एका जागी क्वचितच मिळेल. माझा प्रश्न वेगळा आहे. इलेक्ट्रिक बेसचा इतिहास लिहायचा असेल, किंवा जुन्या बेसच्या किमती का चढल्या हे शोधायचं असेल, तर हा पुरावा कितपत पुरतो?

थोडी पार्श्वभूमी. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, १९६० साली ‘जॅझ बेस’. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीनं फेंडरचा कारखाना १.३ कोटी डॉलरला विकत घेतला. त्यानंतर दर्जा घसरला, अशी समजूत वादकांमध्ये रुजली आणि ‘सीबीएसच्या आधीचं’ हा जुन्या बाजारातला सर्वात मोठा शिक्का ठरला. १९६० साली जॅझ बेसची छापील किंमत २७९.५० डॉलर होती. महागाई धरली तर आजचे साधारण तीन हजार डॉलर. मूळ स्थितीतला १९६० चा बेस मात्र आज पाच आकडी डॉलरमध्ये जातो.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं: वाद्य चांगलं, म्हणून किंमत जास्त. ऐकायला पटतं. पण दोन गोष्टी त्यात बसत नाहीत.

पहिली, रंग. त्या काळी फेंडर ठरावीक रंगाऐवजी दुसरा हवा असेल तर पाच टक्के जादा घ्यायची. हे रंग बहुतेक मोटारींसाठी बनवलेले असत. तेव्हाच्या त्या पाच टक्क्यांच्या मानानं आजचा फरक कितीतरी मोठा आहे. लाकूड तेच, पिकअप तेच, आवाज तोच. म्हणजे इथे पैसे दुर्मिळतेचे मोजले जातात.

दुसरी गोष्ट खुद्द ली यांची. त्यांचा प्रसिद्ध काळा जॅझ बेस १९७२ चा, म्हणजे सीबीएसच्या काळातला. मिशिगनमधल्या कॅलामाझू गावी, गहाणाच्या दुकानात तो त्यांना सुमारे दोनशे डॉलरला मिळाला. पुढे १९९८ साली फेंडरनंच त्याच्यावर बेतलेलं मॉडेल ली यांच्या नावानं काढलं. मार्कस मिलर यांचा बेसही १९७७ चा. ज्या दशकाला नावं ठेवली गेली, त्याच दशकातली वाद्यं आज ‘व्हिंटेज’ म्हणून विकली जातात. लाकूड तर बदललेलं नाही. बदललं ते ऐकणाऱ्यांच्या कानात बसलेलं उदाहरण. आता पुस्तक लिहिणारा माणूसच जर किमतीमागचं एक कारण असेल, तर त्याचं पुस्तक बाजाराचं तटस्थ वर्णन म्हणून वापरता येईल का? पुस्तकानं पुन्हा बाजाराला दिशा देणं, हेही त्यात आलंच.

पण माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे आणि तो एकट्या ली यांच्यावर नाही, संग्रह करण्याच्या पद्धतीवरच आहे. संग्राहक काय शोधतो? मूळ रंग, मूळ पिकअप, मूळ सोल्डरिंग, शक्यतो ओरखडा नको. म्हणजे जे वाद्य कमी वाजलं, ते जास्त मोलाचं. पलंगाखाली पेटीत चाळीस वर्षं पडून राहिलेलं वाद्य संग्रहात मानानं येतं. रोज रात्री क्लबात घासलं गेलेलं, पिकअप बदललेलं, पुन्हा रंगवलेलं वाद्य मागे पडतं.

आता इतिहास बघा. जेम्स जेमरसन यांनी डेट्रॉईटमध्ये मोटाउनच्या असंख्य गाण्यांवर १९६२ चा प्रिसिजन बेस वाजवला. १९८३ साली ते गेले, त्याच्या थोडं आधी तो बेस चोरीला गेला. आजवर सापडलेला नाही. जाको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे काढलेले होते आणि पट्टीवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलेलं होतं. संग्राहकाच्या मोजपट्टीनं ते ‘बिघडवलेलं’ वाद्य. तोही १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला आणि जाको गेल्यावर कित्येक वर्षांनी सापडला. बेस कसा वाजवायचा हे ज्या दोन वाद्यांनी जगाला शिकवलं, त्यातलं एक गायब आणि दुसऱ्याला किंमत आहे ती केवळ मालकाच्या नावामुळे. ज्यांच्या मालकाचं नाव कुणाला ठाऊक नाही, अशी हजारो घासलेली वाद्यं तर कुठल्याच छायाचित्रात नाहीत.

याला आपण सर्व्हायवरशिप बायस म्हणतो: जे उरलं तेवढंच मोजायचं आणि सगळं मोजलं असं समजायचं. इथे तर आणखी एक पेच आहे. जे उरलं ते योगायोगानं उरलेलं नाही, न वाजल्यामुळे उरलं आहे. म्हणून संग्राहकाच्या पुस्तकातून कारखान्यात काय बनलं हे चांगलं कळतं. लोकांनी त्याचं काय केलं, हे फार कमी कळतं.

मग पुस्तक बाजूला ठेवायचं का? अजिबात नाही. त्याला योग्य प्रश्न विचारायचा. उत्पादनाचा तपशील, रंगांचा क्रम, मुलाखतींतून दिसणारी संग्राहकांची भाषा, यासाठी ते उत्तम साधन आहे. किमतींसाठी मात्र प्रत्यक्ष व्यवहाराच्या नोंदी शोधा आणि मागितलेली किंमत व मिळालेली किंमत एकाच रकान्यात भरू नका. तीन वर्षं विकली न गेलेली बेस कितीला ‘लावली’ आहे, यावरून विक्रेत्याची आशा कळते, भाव कळत नाही. वापराच्या इतिहासासाठी दुरुस्ती करणाऱ्यांच्या वह्या, स्टुडिओच्या नोंदी, वादकांच्या आठवणी लागतील.

तुमचा विषय पैठणी असो, जुनी नाणी असोत की दिवाळी अंक, एक काम जरूर करा. स्रोत हाती आला की पहिल्याच पानावर दोन ओळी लिहून ठेवा: हे कुणी, कशासाठी जपलं? आणि त्या जपण्यात काय टाकून दिलं गेलं? मौखिक परीक्षेत हा प्रश्न येतोच. त्याआधी तो आपणच विचारलेला बरा.