'अस्सल' आणि 'दुय्यम' : पानिपतविषयक साधनांच्या वाचनासंबंधी

इतिहासविषयक शोधनिबंधाच्या अखेरीस जी संदर्भसूची असते तिचे दोन भाग पाडण्याची पद्धत आपल्या विद्यापीठांत चांगलीच रूढ झाली आहे. वर 'प्राथमिक साधने', खाली 'दुय्यम साधने'. विषय बखरवाङ्मयाचा किंवा ऐतिहासिक कादंबरीचा असेल तर मराठी विभागांतल्या प्रबंधांतही हीच विभागणी आढळते. तिच्यात वावगे काही नाही. पण ती बहुधा निबंध लिहून झाल्यावर, सूची तयार करताना केली जाते आणि निबंधाच्या आत तिचा मागमूसही नसतो. कोणते साधन कोणत्या विधानाचा भार पेलते, हा प्रश्न निबंधात विचारलाच गेला नसेल तर शेवटची प्रतवारी म्हणजे कपाट लावणे होय. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पानिपतच्या १७६१ च्या लढाईविषयीच्या साधनांच्या आधारे मांडायचा आहे. पत्रे, बखरी, साक्षीदारांच्या आठवणी, इंग्रजांचे इतिहास, आधुनिक संशोधन असे साधनांचे जवळजवळ सर्व प्रकार या एका घटनेभोवती जमा झालेले आहेत. आणि त्यांच्याकडून वाजवीपेक्षा अधिक वदवून घेण्याचा मोहही येथेच सर्वांत प्रबळ आहे.

आधी शब्दांविषयी थोडेसे. 'दुय्यम' या शब्दात मराठीत कमीपणाची छटा अटळपणे येते. त्यामुळे दुय्यम साधन म्हणजे हलके साधन आणि प्राथमिक साधन म्हणजे अव्वल दर्जाचे, विश्वसनीय साधन, अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात नकळत तयार होते. 'अस्सल' हा आपल्या इतिहाससंशोधकांचा लाडका शब्द तर याहून फसवा आहे. दफ्तराच्या व्यवहारात अस्सल हा नकलेचा प्रतियोगी होता. हा कागद मूळचा आहे, त्याची ही प्रत नव्हे, एवढेच त्याने सांगितले जाई. कागद अस्सल आहे म्हणून त्यातला मजकूर खरा आहे, असा अर्थ त्यात नव्हता. पानिपतनंतर कित्येक महिने भाऊसाहेब जिवंत असल्याच्या वार्ता पत्रांतून फिरत होत्या. ती पत्रे अस्सल आहेत आणि त्यांतली वार्ता खोटी आहे. लढाईच्या निकालासाठी अशा पत्राचा उपयोग शून्य. पण पराभव पचवू न शकणाऱ्या समाजाची मनःस्थिती समजून घ्यायची असेल तर त्याच्याइतका बोलका पुरावा नाही. एकच कागद एका प्रश्नाला निरुपयोगी आणि दुसऱ्या प्रश्नाला अमोल ठरतो. प्रतवारी होते ती प्रश्नाच्या संदर्भात. प्रश्न ठरण्याआधी कागदाच्या कपाळी ती लिहिलेली नसते.

बखरीच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. 'भाऊसाहेबांची बखर' का. ना. साने यांनी संपादून 'काव्येतिहाससंग्रहा'तून प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिच्यातला एक प्रसंग मराठी लेखनात अखंड उद्धृत होत आला आहे. नजीबखान पुरता नाहीसा झाला तर पेशव्यांना सरदारांची गरज उरणार नाही आणि ते आपल्याला धोतरे बडवायला लावतील, अशा आशयाचे बोलणे तिच्यात मल्हारराव होळकरांच्या तोंडी घातलेले आहे. निबंधांत हा उद्गार येतो तो पुरावा म्हणून. होळकरांनी नजीबाला राखले, का राखले, तर हे पाहा त्यांचेच शब्द. आणि तळटीपेत बखरीचे नाव, सूचीत 'प्राथमिक साधने' या मथळ्याखाली. येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. नजीबखानाला होळकरांचा आश्रय होता, ही एक गोष्ट. ती बखरीवाचूनही दाखवता येते. त्या आश्रयामागे हा हेतू होता, ही दुसरी. आणि तो हेतू या शब्दांत बोलून दाखवला गेला, ही तिसरी. पहिलीच्या भरवशावर दुसरी आणि तिसरी विनातक्रार स्वीकारली जाते.

वास्तविक संवाद हे बखरीचे कथनसाधन आहे. बखरकार घटनेचे कारण सांगताना विवेचन करीत नाही. तो माणसांना बोलायला लावतो. खाजगीतले खलबत, रात्रीची मसलत, मरणापूर्वीचे बोल हे सगळे त्याच्या लेखणीतून संवादरूपाने उतरते, आणि ते ऐकायला तो तेथे कसा होता हे त्याच्या श्रोत्यानेही त्याला विचारलेले नसते. पानिपतच्या बखरींवर भारतीय युद्धाची छायाही पडलेली आहे. तेव्हा घरभेद, कुमंत्रणा आणि अटळ नाश ही रचना बखरकाराला परंपरेतूनच मिळाली होती. र. वि. हेरवाडकरांच्या 'मराठी बखर' (१९५७) या ग्रंथाने बखरीच्या वाङ्मयीन अभ्यासाला पद्धतशीर रूप दिले, आणि प्राची देशपांडे यांच्या 'क्रिएटिव्ह पास्ट्स' (२००७) या पुस्तकात बखरीचा विचार ऐतिहासिक स्मृतीच्या अंगाने झाला. एवढे असूनही इतिहासाच्या निबंधात बखरीतला संवाद अजून ध्वनिमुद्रणासारखा वापरला जातो, याचे आश्चर्य वाटते.

मग त्या उद्गाराचे करायचे काय? तो टाकून द्यावा, असे मुळीच नाही. पराभवानंतर मराठी मुलखात पेशवे आणि सरदार यांच्या संबंधांविषयी काय बोलले जात होते, ब्राह्मण धन्यापुढे लढवय्या सरदाराची प्रतिष्ठा किती नाजूक मानली जात होती, अपयशाचे खापर कोणत्या नात्यावर फोडण्याची लोकांची तयारी होती, या प्रश्नांना तो अव्वल दर्जाचा पुरावा आहे. धोतर हा शब्द योगायोगाने आलेला नाही. जातीच्या आणि चाकरीच्या अपमानाची सगळी जाणीव त्या एका शब्दात साठवलेली आहे. परंतु हा पुरावा बखर ज्या समाजात रचली आणि ऐकली गेली त्या समाजाविषयीचा आहे, मल्हाररावांच्या अंतःकरणाविषयीचा नाही. हा भेद पाळण्याला केवळ पद्धतिशास्त्रीय महत्त्व आहे असे नव्हे. एका माणसावर, आणि त्याच्या आडून एका समाजावर, फितुरीचा आरोप पिढ्यान्पिढ्या चालत राहतो, त्याला विद्यापीठीय निबंधाची तळटीप बळ देत असते. आरोप खरा असेलही. पण तो सिद्ध करण्याची जबाबदारी बखरकाराच्या संवादरचनेवर टाकता येत नाही.

बखर बाजूला ठेवून प्रत्यक्ष साक्षीदाराकडे वळले तरी अडचण संपत नाही, ती केवळ रूप बदलते. काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि भाऊ व शुजा यांच्यातल्या बोलण्यात मध्यस्थ होता. त्याची फार्सी हकिकत, जेम्स ब्राउनने तिचे इंग्रजी भाषांतर केल्यापासून, पानिपतच्या प्रत्येक वर्णनाचा कणा होऊन बसली आहे. १९२६ मध्ये रॉलिन्सनने तिची इंग्रजी आवृत्ती पुन्हा काढली. माणूस रणांगणावर हजर होता, तेव्हा साधन प्राथमिक, यात वाद नाही. पण त्याने लिहिले १७८० मध्ये, म्हणजे सुमारे १९ वर्षांनी, आणि तो उभा होता अब्दालीच्या बाजूच्या छावणीत. शुजाच्या तंबूत काय घडले याविषयी त्याचा शब्द जितका वजनदार, तितका भाऊच्या तंबूत काय घडले याविषयी नाही. लढाईच्या दिवशी भाऊने आपणास चिठ्ठी पाठवली, असे तो सांगतो; काठोकाठ भरलेल्या प्याल्याचा दृष्टान्त असलेली ती चिठ्ठी सर्वांना पाठ आहे. परंतु आपल्या हाती ती चिठ्ठी नसून काशीराजाची आठवण आहे. ती फार्सीत लिहिली गेली, फार्सीतून इंग्रजीत गेली आणि पुष्कळदा इंग्रजीतून मराठीत परतली. निबंधात हे वाक्य 'भाऊ लिहितो' अशा प्रस्तावनेने येते. 'काशीराज सांगतो की' एवढे तीन शब्द जास्त लिहिले असते तर विधान प्रामाणिक झाले असते.

नाना फडणीसांच्या आत्मचरित्राची गोष्ट निराळी. लढाईच्या वेळी त्यांना पुरी १९ वर्षेही झाली नव्हती. ते रणांगणातून निसटले आणि हालअपेष्टा सोसत परत आले. या त्रोटक लेखनात लढाईच्या डावपेचांविषयी शोधायला जाणारा विद्यार्थी निराश होतो आणि दोन वाक्ये उचलून पुढे सरकतो. पण हे लेखन मुळात भक्ताच्या आत्मनिवेदनाच्या चौकटीत घडलेले आहे. जगण्याची लाज, ईश्वराने का राखले हा प्रश्न आणि तारुण्यातल्या वासनांची कबुली यांच्याशी पानिपत तेथे जोडलेले आहे. अठराव्या शतकातल्या मराठी माणसाला 'मी' म्हणून लिहायचे झाले तर कोणते साचे उपलब्ध होते, या प्रश्नाचे हे दुर्मिळ साधन आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे इतिहासकाराची री ओढत घटनाच तपासत बसावे, हे पटत नाही.

पत्रांकडे आपण सर्वांत निर्धास्तपणे पाहतो, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा. बखरींच्या कैफियतीपुढे समकालीन पत्र ठेवून त्यांनी मराठी इतिहासलेखनाचा पायाच बदलला. पुढे सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. आजचा विद्यार्थी 'प्राथमिक साधने' म्हणून जे वाचतो ते बहुतेक वेळा हे छापील खंड होत. म्हणजे असंख्य रुमालांतून कोणी तरी निवडलेले, मोडीतून बाळबोधीत आणलेले, पदच्छेद केलेले आणि क्रमाने लावलेले कागद. या प्रत्येक पायरीवर संपादकाचा निर्णय आहे. त्यातला सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी जाणवणारा निर्णय तारखेचा. मराठी पत्रांत पुष्कळदा केवळ चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, वर्ष नसते. ते वर्ष मजकुरातल्या व्यक्ती, मुक्काम आणि प्रसंग पाहून संपादकाने ठरवलेले असते. पत्राच्या डोक्यावर छापलेली इंग्रजी तारीख म्हणजे एक अनुमान आहे; प्राथमिक साधनाच्या पोटात बसलेले दुय्यम साधन. ते अनुमान बहुधा बरोबर असते, कारण ते करणारे लोक मोठे होते. पण रसद केव्हा तुटली, मदत केव्हा मागितली, ती कोणी नाकारली, अशा युक्तिवादात जेव्हा आठ-पंधरा दिवसांच्या फरकावर निष्कर्ष अवलंबून असतो, तेव्हा तारीख लेखकाची की संपादकाची, हे पाहिल्यावाचून निबंध पुढे जाता कामा नये. सरदेसायांच्या खंडांत पत्रांच्या माथ्यावर इंग्रजी सारांश आहेत. मोडीचे ज्ञान दूरच राहिले, पत्राच्या मराठीशीही झटापट न करता या सारांशावरच काम भागवणारे निबंध मी वाचले आहेत.

याच जातीची दुसरी सवय म्हणजे उसनी तळटीप. रियासतीत किंवा शेजवलकरांच्या ग्रंथात उद्धृत झालेले पत्र तेथून उचलायचे आणि संदर्भ मात्र मूळ खंडाचा द्यायचा. पराभवाची बातमी देणारा तो सांकेतिक निरोप घ्या. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेतला. तो शाळेपासून सर्वांच्या ओळखीचा आहे आणि 'समकालीन पत्र' म्हणून बेलाशक दिला जातो. माग काढत गेले की आपण ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथातल्या एका इंग्रजी वाक्यापाशी येतो. ते वाक्य वापरायचे तर ग्रँट डफच्या नावाने वापरावे. कागद पाहिल्याचा आव आणू नये.

ग्रँट डफचे नाव निघालेच आहे तर एका विद्यार्थ्याचीही आठवण करायला हवी. या इतिहासाचे कॅप्टन डेव्हिड कॅपनने केलेले मराठी भाषांतर 'मराठ्यांची बखर' या नावाने निघाले. तेव्हाच्या वाचकाला इतिहासाला दुसरे नाव ठाऊक नव्हते, हे त्या शीर्षकातच नोंदले गेले आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच या 'बखरी'वर टीकानिबंध लिहिला. ग्रँट डफने कोणती साधने पाहिली, कोणती पाहिली नाहीत, घटना सांगताना कारणे कोठे गाळली, असे प्रश्न त्यांनी विचारले. कीर्तन्यांपुढे तेव्हा ना राजवाडे होते ना छापील दफ्तर. त्यांच्यापाशी होते ते एका दुय्यम ग्रंथाचे कसोशीने केलेले वाचन. दुय्यम साधनाशी असा वाद घालणे हे निबंधाचे निम्मे काम आहे, आणि आमच्या निबंधांतून तेच नाहीसे झाले आहे. तेथे दुय्यम ग्रंथ येतो तो आधारवाक्यापुरता; 'अमुक म्हणतात' एवढे लिहून लेखक बाजूला होतो.

त्र्यं. शं. शेजवलकरांचा पानिपतवरचा इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये निघाला, मराठी १९६१ मध्ये, लढाईला २०० वर्षे झाली तेव्हा. सूचीत तो नेहमी खालच्या यादीत असतो, आणि १७६१ विषयीच्या निबंधात त्याने तेथेच असावे. परंतु फाळणीच्या आदल्या वर्षी एक मराठी इतिहासकार दिल्ली, अब्दाली आणि हिंदुस्थानचे स्वामित्व यांविषयी काय आणि कोणत्या आवेगाने लिहीत होता, असा प्रश्न एखाद्याने घेतला, तर तो ग्रंथ वरच्या यादीत जाईल आणि 'भाऊसाहेबांची बखर' त्याच्याशेजारी, त्याच रांगेत, येऊन बसेल. असा निबंध मराठीत कोणी लिहायला घेतला तर त्याच्या लेखकाला सूची दोनदा करावी लागेल.